‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले?

दवाखान्याबाहेरच्या बाकावर घटकाभर बसले की एखादा इंग्रजी शब्द माणसाला कसा चकवतो ते कळते. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून कुणी सुटकेचा श्वास टाकतो, तर ‘सुनेचे रक्त निगेटिव्ह आहे’ असे समजताच एखाद्या सासूबाईंचा चेहरा उतरतो. दोघांची चूक एकच. पॉझिटिव्ह म्हणजे चांगले आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट, असे त्यांनी धरून ठेवलेले असते.

पण त्यांना तरी दोष कसा द्यावा? ‘पॉझिटिव्ह विचार करा’ हा उपदेश आपण उठता-बसता ऐकतो. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या नावातच ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ होते. तिथे या विशेषणाचा अर्थ आशावादी. पण तो अनेकांपैकी एक.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे, मांडणे. त्यावरून पॉझिटिव्ह म्हणजे मांडलेले, ठरवून दिलेले. माणसांनी केलेल्या कायद्याला इंग्रजीत ‘पॉझिटिव्ह लॉ’ म्हणतात, मग तो कायदा बरा असो की वाईट. ‘आय अ‍ॅम पॉझिटिव्ह’ म्हणजे ‘माझी पक्की खात्री आहे’. शाळेत ‘गुड, बेटर, बेस्ट’ घोकताना ‘गुड’ ही पॉझिटिव्ह डिग्री असे आपण शिकलो. पण ‘बॅड’ हीसुद्धा पॉझिटिव्ह डिग्रीच!

वैद्यकात या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे: जे शोधत होतो ते सापडले. थुंकीत क्षयाचे जंतू दिसले, पॉझिटिव्ह. गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर मुलाची वाट पाहणाऱ्या घरात पेढे वाटले जातात. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत तर ‘मन पॉझिटिव्ह ठेवा, रिपोर्ट निगेटिव्ह येऊ द्या’ असा विनोदच रूढ झाला. मात्र निगेटिव्ह म्हणजे नेहमीच निर्धास्त, असेही नाही. एचआयव्हीची लागण झाल्यानंतर सुरुवातीच्या काही काळात तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात.

आता सासूबाईंची काळजी. रक्तगटातील ‘आरएच’ घटकाची माहिती लँडस्टायनर आणि वीनर यांनी १९४० साली जगापुढे मांडली. तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचा घटक असेल तर रक्त पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. हा रोग नव्हे, रक्तातला दोषही नव्हे. काळजी एवढीच घ्यायची, की आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून आईला प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ‘अँटी-डी’ इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून रक्तगट लपवू नये. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावा.

तेव्हा पुढच्या वेळी रिपोर्ट हाती आला, की हसण्याआधी किंवा रडण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही काय शोधत होता?’ त्या उत्तराशिवाय पॉझिटिव्ह हा शब्द ना शुभ, ना अशुभ.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)