मातीचे थर, नायलॉनचं बळ

नाशिकजवळच्या आडगाव-मखमलाबादच्या काळ्या रानात मे महिन्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि घरांच्या जोत्यांना तडे देते. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजं असतात. त्यांचा एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा. थरांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात. पंचवटीत दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत माती तपासणाऱ्यांना हा फुगण्याचा गुण डोकेदुखी वाटणारच. नायलॉनचं मात्र त्यानंच भलं केलं.

नायलॉनमध्ये माती मिसळणं तसं जुनंच. आपल्या सिंधुदुर्गात सापडतं ते केओलिन भाजून, त्यावर सिलेनचा थर देऊन ३०-४० टक्क्यांपर्यंत घालतात. भाग ताठ होतो आणि काचतंतू घातलेल्या भागासारखा वाकडा होत नाही, पण वजन वाढतं आणि लवचीकपणा जातो. केओलिन फुगत नाही, त्याचे थर मिटलेलेच राहतात.

पुढचं पाऊल जपानमध्ये पडलं. १९७० च्या दशकात युनिटिका कंपनीनं नायलॉन ६ आणि मातीच्या मिश्रणासाठी पेटंटचा अर्ज केला. खरी कलाटणी दिली ती १९८० च्या दशकात टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधनशाळेतल्या ओकाडा, उसुकी, कोजिमा यांनी. माँटमोरिलोनाइटच्या थरांमधले सोडियमचे आयन काढून त्यांनी तिथं अमिनोलॉरिक आम्ल बसवलं, मग कॅप्रोलॅक्टम आत शिरू दिलं आणि तिथंच त्याचं नायलॉन केलं. वाढत्या साखळ्यांनी थर ढकलून सुटे केले. अवघ्या ४.२ टक्के मातीनं ताणशक्ती ६९ वरून १०७ मेगापास्कलवर गेली, ताठपणा १.१ वरून २.१ गिगापास्कलवर. उष्णतेत भार सोसण्याची मर्यादा ६५ अंशांवरून १४५ अंशांच्या घरात पोचली. पाणी शोषण्याचा वेगही उतरला, कारण सपाट थरांना वळसे घालत पाण्याला आत जावं लागतं. १९९० च्या आसपास कॅमरी मोटारीच्या टायमिंग बेल्टचं झाकण या नायलॉनचं होऊ लागलं.

मला हे काम फार मोलाचं वाटतं. किती माती घातली याहून तिचे थर किती सुटले हे महत्त्वाचं, हे त्यानं लख्ख दाखवलं. क्ष-किरणांच्या आलेखात थरांच्या अंतराचं शिखर नाहीसं झालं, तर थर सुटल्याचं ते एक लक्षण. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिल्याशिवाय मात्र खात्री धरू नये.

पुढच्या काळात उत्साह ओसरला, तोही सकारण. ट्विन स्क्रू यंत्रात वितळलेल्या नायलॉनमध्ये माती नुसती ढवळली तर थर नीट सुटतीलच असं नाही. मळणं किती जोराचं आणि किती वेळ, यावर सगळं ठरतं. थर सुटावेत म्हणून त्यांच्यामध्ये बसवलेले सेंद्रिय क्षार २०० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागतात आणि नायलॉन ६६ वितळतंच २६० अंशांना. शिवाय तुटेपर्यंत ताणलं जाण्याची क्षमता घटते. म्हणून इंजिनाजवळच्या भागांत ३० टक्के काचतंतूंचंच राज्य राहिलं. मातीला टिकाऊ जागा मिळाली ती वायू अडवणाऱ्या पॅकिंगच्या फिल्ममध्ये.

सातपूर-अंबडच्या मोल्डिंगवाल्यांनी अशा नायलॉनचा दाणा घेताना मातीच्या टक्केवारीच्या जोडीनं थर कितपत सुटलेत याचा पुरावा मागावा. रानातली माती मात्र थेट चालणार नाही. तिच्यातले लोहाचे ऑक्साइड, चुनखडी आणि वाळू आधी काढावी लागेल.