क्लचचे पेडल आणि चालकाचा पाय

बंगळूरुच्या दक्षिण भागातील बनशंकरीजवळ कनकपुरा रस्ता आणि बाह्य वळणरस्ता एकमेकांना छेदतात. अशा गर्दीच्या ठिकाणी मालट्रक थोडा पुढे सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. प्रत्येक वेळी चालकाचा डावा पाय क्लचवर जातो. पेडल पायाच्या टप्प्यात नसेल, तर चालक ते अर्धवटच दाबतो. मग गिअर खरखरतात, क्लच प्लेट झिजते आणि संध्याकाळपर्यंत गुडघा व कंबर दुखू लागते.

उंचीने कमी असलेल्या चालकांना हा त्रास अधिक होतो. महाराष्ट्रात जून 2023 मध्ये सासवड–नीरा मार्गावर एस.टी.ची बस प्रथमच महिला चालकाने चालवली. अवजड वाहनांवर स्त्रिया येऊ लागल्या, तसा हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसू लागला. परंतु तो केवळ स्त्रियांचा नाही.

पेडल दाबले की पुशरॉड मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे ढकलतो. तेलाचा दाब रिलीज बेअरिंगपर्यंत पोहोचतो, प्रेशर प्लेट मागे हटते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. पेडलचा सुरुवातीचा थोडा प्रवास मात्र रिकामा असतो. कारागीर त्याला ‘प्ले’ म्हणतात. तो किती असावा, हे त्या वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते.

पेडल वर घेतले की ते पायाजवळ येईल, असे अनेकांना वाटते. हा समज अपुरा आहे. पाय पुरत नाही तो पेडल वर असताना नव्हे, तर ते तळाशी गेल्यावर. आणि तळाची जागा वर घेतल्याने बदलत नाही. म्हणून आधी आसन सरकवावे. पाठ आसनाला टेकवून क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला, तर अंतर योग्य समजावे. पाठीमागे उशी ठेवणे हा तात्पुरता उपाय होय, ती सरकते. पेडलला लाकडी ठोकळा बांधणे तर धोक्याचेच, कारण तो निसटून ब्रेकखाली अडकू शकतो.

आसन बसवल्यावरही क्लच फार खाली सुटत असेल, तर प्ले तपासावा. इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा, चाकाला गुटका लावावा. पेडलशेजारी पट्टी उभी धरून बोटाने हलकेच दाबावे. विरोध जाणवेपर्यंतचे अंतर म्हणजे प्ले. तो जास्त असल्यास चेकनट सैल करून पुशरॉड थोडा लांबवावा व नट पुन्हा आवळावा. पायाच्या सोयीसाठी प्ले शून्य करू नये. तसे केल्यास दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, तेल टाकीत परतत नाही आणि क्लच सतत थोडा दबलेला राहतो. चढावर भरलेला ट्रक मग इंजिन ओरडूनही पुढे जात नाही. जळका वास येतो. घाटात ही अवस्था जिवावर बेतू शकते.

शेवटी मोकळ्या जागेत इंजिन सुरू करावे, क्लच पूर्ण दाबून क्षणभर थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकून पाहावा. गिअर आवाज न करता पडला, तर क्लच पूर्ण सुटतो आहे. खरखर झाली, तर तेलाची पातळी व गळती पाहावी. तेथे पुशरॉड आणखी फिरवून उपयोग नाही.