मतपेटी नसलेली मताधिकाराची कादंबरी

रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’बद्दलचा वाद साठ वर्षं एकाच शिक्क्याभोवती फिरतो आहे: ही कादंबरी फॅसिस्ट आहे की नाही? १९५९मध्ये स्क्रिबनर्सने ती नाकारली, पटनमने छापली, पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि भांडण जुंपलं ते जुंपलंच. आपल्याकडे तर अनेकांचं मत पॉल वर्होवनच्या १९९७च्या चित्रपटावर पोसलेलं. आपण पुस्तक अर्ध्यात सोडलं होतं, हे त्या दिग्दर्शकाने निदान कबूल तरी केलं. आपल्या विज्ञानकथा-पंडितांकडून तेवढीही अपेक्षा नाही. पुस्तक उघडलं तर हा शिक्का नीट बसत नाही. इथे हुकूमशहा नाही, वंशश्रेष्ठत्व नाही. नायक हुआन रिको फिलिपिनो आहे, आणि ते अगदी शेवटी सहज कळतं. सक्तीची भरती नाही. हाइनलाइनचा तिला विरोधच होता. मत फक्त राज्याची सेवा पूर्ण केलेल्यांना मिळतं, पण मत नसलेल्या रहिवाशांना बाकीचं सारं स्वातंत्र्य आहे. रिकोचे वडील धनाढ्य आहेत आणि मताधिकार नसल्याचं त्यांना काडीचंही दुःख नाही. जाहीर फटके आहेत, फाशी आहे, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. पण कठोर राज्य म्हणजे फॅसिझम, हे समीकरण आळसाचं आहे.

लढायांची पानं भरभर उलटावीत. यांत्रिक चिलखताचं अप्रूप पुढच्या शेकडो नकलांनी संपवलं आहे. कादंबरीचा जीव वर्गात आहे. तिथे ड्युबॉइस आणि पुढे मेजर रीड ‘इतिहास आणि नैतिक तत्त्वज्ञान’ शिकवतात. मत देणं म्हणजे बळ वापरणं. म्हणून ज्याने समूहासाठी स्वतःला पणाला लावलं त्यालाच ते द्यावं, असा हा युक्तिवाद. माजी सैनिक इतरांहून हुशार किंवा शिस्तशीर असतात, हा दावा रीड स्वतःच खोडून काढतो. ही व्यवस्था का टिकली, तर ती चालते म्हणून, इतकंच त्याचं उत्तर. नीतीचे सिद्धान्त गणितासारखे सिद्ध करता येतात असंही सांगितलं जातं, विद्यार्थ्यांना तसा गृहपाठही मिळतो. वाचकाला मात्र एकही सिद्धता दिसत नाही. आणि व्यवस्था चालते म्हणजे काय, हे तरी कुठे दिसतं? मताधिकारावरच्या या कादंबरीत निवडणूक नाही, कायदेमंडळ नाही, उमेदवार नाही. सेवेत असताना मत देता येत नाही, आणि रिको तर सैन्यातच कायमचा राहायचं ठरवतो. म्हणजे शेवटच्या पानावरही नायक मतदार नाही.

यावर बचाव असा, की ही सैनिकाची आत्मकथा आहे, तिच्यात संसद कशाला? बचाव मान्य झाला असता, पण मग वर्गात इतकी पानं कशाला घालवली? दुसरा बचाव हाइनलाइनचाच: सेवा म्हणजे बहुतांशी मुलकी नोकरी, असं त्याने १९८०मध्ये लिहिलं. कादंबरीच्या पानांतून ते चित्र काही उभं राहत नाही. आणि उभं राहिलं तरी मत आधी कमवावं लागतं, हा मुद्दा जागच्या जागी राहतो.

मराठी वाचकाने तर ही कल्पना निव्वळ परग्रहावरची मानू नये. १९१९च्या सुधारणांनंतर आलेल्या तुटपुंज्या मताधिकारात जमीनमहसूल आणि कर यांच्याबरोबर निवृत्त सैनिक असणं हीही एक पात्रता होती. त्याच वर्षी मुंबईत मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीसमोर डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली, तिचा रोख नेमका उलट होता: मताधिकार हे लायकीचं बक्षीस नव्हे, तो वापरणं हेच शिक्षण. हाइनलाइनला खरं उत्तर इथे आहे. त्याचा नागरिक आधी घडतो, मग मत मिळवतो. आंबेडकरांचा नागरिक मत वापरता वापरता घडतो. यांतलं कोणतं खरं, हे तपासायला मतदान दाखवावं लागतं, आणि हाइनलाइन नेमकं तेच टाळतो. त्याच्या विरोधकांनीही ते दाखवलं नाही. हॅरी हॅरिसनची ‘बिल, द गॅलॅक्टिक हीरो’ १९६५ची, जो हॉल्डेमनची ‘द फॉरएव्हर वॉर’ १९७४ची. दोन्ही दमदार, दोन्ही युद्धाची पोलखोल करणाऱ्या. पण वाद लावला होता मताचा, आणि उत्तरं आली युद्धाची.