घोटा मुरगळला, आता काय?

तुर्भ्याच्या मसाला बाजाराजवळ एका मैदानावर आम्ही मुलांची कबड्डी पाहत होतो. चढाई करून परतणाऱ्या एका मुलाचा पाय आतल्या बाजूला वळला आणि तो घोटा धरून खाली बसला. लगेच सल्ले सुरू झाले : 'चोळून काढ', 'गरम पाण्यात पाय ठेव', 'महिनाभर पाय टेकू नकोस'. आपल्या शाळेतही हेच ऐकू येते. यातले बरोबर किती? त्यासाठी घोट्याच्या आत काय घडले ते पाहू.

हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, त्यांचे काही तंतू तुटतात. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, द्रव साठतो आणि सूज येते. अशा वेळी चोळले किंवा शेकले तर रक्तस्राव व सूज वाढू शकते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस खेळ बंद, घोट्याला लवचीक पट्टी आणि पाय उशीवर उंच ठेवणे हेच योग्य. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास वेदना कमी होते.

विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली मांडले. पुढे त्यांनीच सांगितले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते. असे का? तुटलेल्या जागी शरीर कोलॅजेनचे नवे तंतू विणते. सुरुवातीला ते अस्ताव्यस्त असतात. बेताचा ताण मिळाला तरच ते ताणाच्या दिशेने ओळीत लागतात व मजबूत होतात. म्हणून फिजिओथेरपिस्ट दुखणे सोसेल इतपत घोटा हलवायला आणि चालायला लवकर सुरुवात करून देतात.

आता वर्गात एक प्रयोग करा. मुलांना भिंतीजवळ एका पायावर उभे करा. मग डोळे मिटायला सांगा. घोटा सारखा डुगडुगताना दिसेल. पायाची स्थिती मेंदूला कळवणारे चेतातंतू अस्थिबंधांतही असतात. दुखापतीनंतर ही जाणीव मंदावते, म्हणूनच तोच घोटा पुन्हा मुरगळतो. एका पायावर तोल सांभाळण्याचा रोजचा सराव हा म्हणूनच उपचाराचा भाग आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची वाढपट्टी असते आणि तिलाही इजा होऊ शकते. मुलाला चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर डॉक्टरांकडे नेऊन क्ष-किरण तपासणीबद्दल विचारावे.

आणि मैदानावर परत केव्हा जायचे? सूज उतरली एवढे पुरेसे नाही. त्या एका पायावर लंगडी घालता आली, नागमोडी धावता आले आणि दुखले नाही, की मगच चढाई!