टाकीत उतरणारा माणूस आणि वर उभे असलेले आपण

श्रम करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला काही ना काही कष्ट येतात. परंतु काही व्यवसाय असे आहेत की, ज्यांत रोजच्या भाकरीसाठी प्राण पणाला लावावे लागतात. खोल समुद्रात जाणारा मच्छीमार, दगडखाणीत सुरुंग लावणारा मजूर, उंच इमारतीच्या परांचीवर उभा असलेला गवंडी यांच्या कामातील धोका निदान डोळ्यांना दिसतो. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते आणि करणारा सावध राहतो. याउलट एक काम असे आहे की, त्यातील धोका दिसत नाही आणि बहुधा त्याचा आवाजही होत नाही. ते काम आपल्या अंगणात, सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मागील बाजूस चालते. सेप्टिक टँक, गटारे आणि मलनिस्सारण प्रकल्प यांची सफाई हे ते काम होय.

९ एप्रिल २०२४ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या दिवशी विरार येथे एका खासगी मलनिस्सारण प्रकल्पात सफाईसाठी उतरलेल्या चार कामगारांचा गुदमरून मृत्यू झाला. चौघेही तिशीच्या आतले होते. त्याच दिवशी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात, वाकडी या गावी, बायोगॅसची मळी साठविलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढण्यासाठी एक जण उतरला, त्याला वाचवण्यासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. असे करता करता पाच जणांनी प्राण गमावले. सहावा तेवढा वाचला, कारण उतरताना त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्या लोकांना त्याला ओढून घेता आले.

सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईत देशभरात ३७७ जण मरण पावले. अशी बातमी आली की आपण हळहळतो आणि ‘दुर्दैवी अपघात’ असे म्हणून पुढे जातो. या मृत्यूंची कारणे मात्र शास्त्राला पूर्णपणे ठाऊक आहेत आणि ती टाळण्याचे उपायही ठाऊक आहेत. म्हणूनच या विषयाची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आम्हांला अगत्याचे वाटते.

टाकीत नेमके काय घडते?

बंदिस्त टाकीत साचलेल्या मैल्याचे जंतूंकडून विघटन होते. तेथे मोकळी हवा नसल्याने प्राणवायूविना जगणारे जंतू हे काम करतात आणि त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. मिथेन ज्वालाग्राही आहे. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर साध्या ठिणगीनेही स्फोट होतो. हे वायू टाकीतील हवेची जागा घेतात, त्यामुळे तेथील प्राणवायू कमी होत जातो. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की माणूस बेशुद्ध पडतो आणि ६ टक्क्यांच्या खाली गेला की काही मिनिटांत मृत्यू ओढवतो.

या सर्वांत घातक असतो तो हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा जो वास आपल्याला येतो तो याच वायूचा. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. तो शरीरात गेला की पेशींना प्राणवायू वापरता येत नाही आणि मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण करणारे केंद्र बंद पडते. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे पाचशे ते हजार भाग असले तर माणूस पाहता पाहता कोसळतो. शिडी चढून वर येण्याइतका अवधी त्याला मिळत नाही. पुष्कळदा हाक मारण्याइतकाही मिळत नाही.

वास गेला म्हणजे धोका टळला, असे नाही

या वायूचा एक गुणधर्म विशेष लक्षात ठेवला पाहिजे. दहा लाख भागांत एका भागाहून कमी असतानाही त्याची दुर्गंधी जाणवते. परंतु हे प्रमाण शंभराच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे धोका वाढत असताना वास नाहीसा होतो. आत उतरलेल्या कामगाराला वाटते, ‘आता वास कमी झाला, हवा मोकळी झाली.’ प्रत्यक्षात तो मृत्यूच्या अगदी समीप पोहोचलेला असतो.

झाकण दोन-तीन तास उघडे ठेवले की पुरे, अशीही समजूत आहे. ती अपुरी आहे. हा वायू गाळात विरघळून आणि अडकून राहिलेला असतो. वरवर शांत दिसणारा गाळ फावड्याने किंवा पायाने ढवळला की, सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा तो एकाएकी बाहेर पडतो. म्हणून उतरण्यापूर्वी सुरक्षित वाटणारी टाकी काम सुरू झाल्यावर क्षणात प्राणघातक होऊ शकते.

पेटता दिवा किंवा मेणबत्ती दोरीने आत सोडून पाहण्याची रीतही अनेक ठिकाणी आढळते. मिथेनमुळे तिच्यात स्फोटाचा धोका आहेच. शिवाय माणूस ज्या हवेत मरतो त्या हवेत दिवा शांतपणे जळत राहू शकतो, कारण हायड्रोजन सल्फाइडचे प्राणघातक प्रमाण ज्योत विझवण्याइतके नसते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठी वापरला जाणारा साधा मास्क हेही येथे निरुपयोगी आहेत. ते धूळ अडवतात. वायू अडवत नाहीत आणि प्राणवायू तर मुळीच पुरवत नाहीत.

वाचवणारा का मरतो?

बंदिस्त जागेतील अपघातांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेने १९८६ सालीच एक इशारा दिला होता. अशा ठिकाणी मरण पावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक हे इतरांना वाचवण्यासाठी आत गेलेले असतात, असे तिने नमूद केले होते. वाकडी येथे नेमके हेच घडले. आपला भाऊ, मुलगा, सोबती डोळ्यांसमोर कोसळलेला पाहून कोणाला राहवेल? परंतु ज्या हवेने पहिल्याला पाडले, तीच हवा दुसऱ्याची वाट पाहत असते. प्रेम आणि धैर्य कितीही असले तरी फुप्फुसांना लागणारा प्राणवायू त्यांतून मिळत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू परुश्यांना विचारतो की, शब्बाथाच्या दिवशी तुमचा मुलगा किंवा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला तत्काळ वर ओढून काढणार नाही काय? प्रभूच्या या दाखल्याचा रोख शब्बाथाच्या नियमाकडे आहे. तरीही त्यातील ‘ओढून काढणे’ हे शब्द आम्हांला येथे आठवतात. ओढणारा काठावर उभा असतो. वाकडीतील सहाव्या माणसाचा जीव वाचला तो काठावर उभ्या असलेल्यांमुळे आणि कमरेच्या दोरामुळेच.

कायदा काय सांगतो?

हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. त्यानंतर २०१३ साली अधिक व्यापक कायदा संमत झाला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून तो अंमलात आला. या कायद्याच्या सातव्या कलमानुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटाराच्या अथवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामास लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत बंगल्याचा मालक येतो, गृहनिर्माण सोसायटीचा सचिव येतो आणि संस्थेचा व्यवस्थापकही येतो. कामगार स्वखुशीने उतरला, ही सबब कायद्यापुढे टिकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी असा आदेश दिला की, १९९३ पासून अशा सफाईत मरण पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई द्यावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम तीस लाख रुपये केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख देण्यास सांगितले. काम खासगी जागेत चालू होते म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही स्पष्ट झाले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मरण पावले. त्यांच्या विधवा पत्नींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये भरपाईचा आदेश दिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटार सफाई करण्यास बंदी घातली.

मग हे थांबत का नाही?

यंत्र उपलब्ध नाही, असे कारण पुष्कळदा दिले जाते. मैला शोषून घेणारे टँकर आज आपल्या बहुतेक शहरांत आहेत. गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरून सफाई करणारे यंत्रमानव केरळमध्ये तयार झाले आणि २०१८ पासून वापरात आले. खरी अडचण वेगळीच असते. टँकर पाण्यासारखा पातळ मैला ओढून घेतो, पण वर्षानुवर्षे साठून घट्ट झालेला गाळ त्याला खेचता येत नाही. टाकी वेळेवर न उपसल्याचा हा परिणाम होय. मग ठेकेदार सांगतो, ‘माणूस उतरवावा लागेल,’ आणि थोड्या अधिक पैशांत काम उरकते. आपण मान डोलावतो.

या कामाला नाही म्हणण्याची ऐपत ज्याला नाही, तोच त्या टाकीत उतरतो. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत नोंदल्या गेलेल्या गटार व सेप्टिक टँक कामगारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय आहेत. पिढ्यान्‌पिढ्या समाजाने ज्यांना गटाराशी बांधून ठेवले, त्यांनाच आजही दोराशिवाय आत सोडले जाते. ही वस्तुस्थिती आपल्या विवेकाला टोचली पाहिजे.

आपण काय करू शकतो?

सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी टँकरने उपसून घ्यावी, म्हणजे गाळ घट्ट होत नाही. गाळ घट्ट झालाच असेल तर दाबाच्या पाण्याने वरूनच तो पातळ करून ओढता येतो. टाकीच्या झाकणापर्यंत टँकरचा नळ पोहोचेल अशी वाट मोकळी ठेवावी. नवे घर बांधताना टाकी स्वयंपाकघराखाली किंवा भिंतीआड दडवू नये. झाकण मजबूत असावे आणि मुलांना उघडता येऊ नये.

काम देण्यापूर्वी ठेकेदाराशी लेखी करार करावा आणि ‘कोणत्याही कारणास्तव माणूस टाकीत उतरणार नाही’ हे वाक्य त्यात असावे. ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी सोसायटीच्या अथवा संस्थेच्या एका जबाबदार व्यक्तीने तेथे स्वतः उभे राहावे. कामगार उतरू लागला तर काम थांबवावे. आपल्या धर्मग्रामांतील शाळा, सभागृहे, धर्मगुरूंची निवासस्थाने आणि धर्मभगिनींचे मठ यांनाही हा नियम तितकाच लागू आहे. पायवा मंडळाच्या बैठकीत हिशेबाबरोबर हा विषयही एकदा घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

दुर्दैवाने कोणी आत कोसळलाच तर कोणीही त्याच्यामागे उतरू नये. जमलेल्यांपैकी एकाने इतरांना निर्धाराने अडवावे. लगेच १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवून ‘बंदिस्त टाकीत माणूस बेशुद्ध आहे’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे अग्निशामक दलाचे जवान श्वसनयंत्रासह येतील. झाकणे उघडावीत, आगकाडी किंवा विडी पेटवू देऊ नये. पंखा किंवा ब्लोअर असल्यास तो टाकीपासून दूर सुरू करून ताजी हवा आत सोडावी. कमरेला दोर असेल तर वरूनच ओढावे. बाहेर काढल्यावर त्याला मोकळ्या हवेत न्यावे आणि श्वास थांबला असल्यास वैद्यकीय मदत येईपर्यंत छाती दाबत राहावी.

मृत्यू ओढवल्यास पोलिसांत गुन्हा नोंदला जाईल आणि शवविच्छेदन होईल याची खात्री करावी. भरपाई मागताना हीच कागदपत्रे उपयोगी पडतात. ठेकेदार काही हजार रुपये देऊन प्रकरण मिटवू पाहत असेल तर त्या कुटुंबाला एकटे सोडू नये. जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत त्यांच्याबरोबर जाणे, अर्ज लिहून देणे, वकिलाची गाठ घालून देणे, ही सेवा आपल्यातील अनेकांना सहज करता येईल.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाद्वारे कामगारांच्या हक्कांचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या अग्रभागी आणला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्या कामाने शरीरास अपाय होणार नाही असे वातावरण मिळणे हा कामगाराचा हक्क आहे. दरवर्षी १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफाचा सण साजरा करतो. येत्या सणापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या आवारातील टाक्या शेवटच्या केव्हा उपसल्या आणि त्या कशा उपसल्या, याची विचारणा करावी. उत्तर समाधानकारक नसेल तर टँकरची मागणी त्याच आठवड्यात नोंदवावी.