नळाला झिणझिण्या? भास नव्हे, इशारा!

"अगं, मोरीतल्या नळाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं," शेजारच्या वहिनी पावसाळाभर सांगत होत्या. घरात कुणी मनावर घेईना. "तुला उगाच भास होतात," असं भाऊजी म्हणाले. वायरमन आला, टेस्टर लावून पाहिला, बोर्डावरचे दिवे लागतात म्हणाला आणि गेला. शेवटी वहिनींनी हट्टच धरला. मग दुसरा वायरमन आला, त्याच्या पिशवीत मेगर होतं.

मैत्रिणींनो, हे मेगर काय असतं ते आपल्याला माहीत हवं. वायरच्या आत तांबं आणि वर प्लास्टिकचं आवरण. विजेनं तांब्यातूनच जायचं, आवरणानं तिला बाहेर पडू द्यायचं नाही. पण वायर जुनी झाली, भिंतीला ओल आली, उंदरानं कुरतडली किंवा आरसा टांगताना खिळा लागला, की आवरण कमजोर होतं. दिवा नेहमीसारखा लागतो, पंखा फिरतो, आणि वीज मात्र ओल्या भिंतीत झिरपत राहते.

पाइप कुठे गळतोय ते बघायला प्लंबर सगळे नळ बंद करून पाण्याचा दाब देतो ना, तसंच हे. मेन स्विच बंद करून मेगरनं वायरमध्ये ५०० व्होल्टचा डीसी दाब मिनिटभर द्यायचा आणि आवरण किती विरोध करतं ते मोजायचं. साधा मल्टिमीटर छोट्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे अशी गळती त्याला बऱ्याचदा सापडत नाही. १९५६च्या वीज नियमांत हा विरोध किमान १ मेगाओहम, म्हणजे १० लाख ओहम असावा, असं म्हटलं होतं. २०१०च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही हाच आकडा होता. वायरिंग चांगलं असेल तर त्याच्या कितीतरी पट जास्त भरतो.

वहिनींच्या स्वयंपाकघराच्या लाइनचं रीडिंग २० आलं, हॉलचं १५. मोरीच्या लाइनचं आलं ०.०५! भिंतीत जुनी वायर आणि लोखंडी पाइप शेजारीशेजारी, वर ओल, आणि अर्थिंगची तारही तुटलेली. ओले हात, ओली फरशी, त्यात अशी गळती. त्या मुंग्यांवरच निभावलं, हे नशीबच म्हणायचं. ती लाइन तिथल्या तिथे बंद केली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून नवी वायर आणि नवी अर्थिंगची तार घातली. पुन्हा मेगर लावलं, तेव्हा रीडिंग ५० आलं. भाऊजी म्हणाले, "बरं झालं, तू ऐकलं नाहीस माझं."

तुम्ही तपासणी करून घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

- हे काम परवानाधारक वायरमनचंच. स्वतः प्रयोग नको.
- आधी फ्रिज, टीव्ही, मिक्सर, चार्जर यांचे प्लग काढा, एलईडी बल्बही उतरवा. ५०० व्होल्टनं ते बिघडू शकतात. इन्व्हर्टरही बंद करून वेगळा करायला सांगा.
- फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ, फेज आणि न्यूट्रल अशी तिन्ही रीडिंग घ्यायला लावा, तीही प्रत्येक लाइनची वेगळी.
- शक्यतो पावसाळ्यात तपासा. उन्हाळ्यात भिंत सुकली की दोष लपतो.
- आकडे तारखेसह कागदावर लिहून बोर्डाच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी आकडा खाली घसरला तर लगेच कळेल.
- ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या आणि तिचं 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहा. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडते, झिरपणारी वीज तिला कळत नाही.

नवीन घराचं कनेक्शन घेताना कंत्राटदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो नुसता सहीपुरता राहू देऊ नका. "रीडिंग किती आलं?" असं सरळ विचारा. आणि नळाला, कूलरला, ओल्या भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर कुणी काहीही म्हणो, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. घरभर हात आपलाच फिरतो. त्याला जे जाणवतं, त्यावर आधी आपण विश्वास ठेवायला हवा.