चौकट : सरकीची ढेप आणि दुकानदाराची वही

यवतमाळ जिल्ह्यात एक क्विंटल कापसातून जिनिंगनंतर साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि उरलेल्या वजनाचा बहुतांश भाग सरकीचा, म्हणजे बियांचा, असतो. रुईच्या गाठी दूरच्या गिरण्यांकडे जात असल्या, तरी सरकीचे तेल काढून उरणारी ढेप दुभत्या जनावरांचे खाद्य ठरते. ती जवळच्या तेल गिरणीतून घेतली, तर शेतकऱ्याचा पैसा गिरणीतील मजुराकडे आणि त्याच्याकडून गावच्या दुकानात पोहोचतो. पैशाच्या अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या फिरण्यातून वाढणाऱ्या स्थानिक उत्पन्नाच्या पटीला अर्थशास्त्रात ‘गुणक’ म्हणतात.

स्थानिक उत्पन्न वाढवण्यासाठी सरकारी खरेदीचा आधारही महत्त्वाचा आहे. २०१२च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी व सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीचा किमान २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो, आणि याच जिल्ह्यातील वणी परिसरात कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही अशीच कंपनी आहे. मात्र लघु उद्योग स्थानिकच असावा, असे हे धोरण सांगत नाही, ही त्यातील खरी उणीव होय. २००६च्या कायद्याने अशा उद्योगांना द्यायचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक केले असले, तरी निव्वळ विक्री करणाऱ्या किराणा दुकानदाराला हे संरक्षण मिळत नाही. कापूस विकला जाईपर्यंत उधारी सांभाळणाऱ्या अशा दुकानदाराला रोखीच्या ग्राहकाने दिलेली नियमित पसंती म्हणूनच अधिक उपयोगी पडते.